उजवीकडे वळलेल्या फरश्या

१

कुरेबाशी स्थानकात निळी लाईन आणि तपकिरी लाईन एकमेकींना भेटतात, असं नकाशात दाखवलंय. नकाशा काढणाऱ्याचं काय जातं? एक टिंब काढलं की झालं. त्या टिंबाच्या पोटात जमिनीखालून सहा मिनिटं चालावं लागतं, ते चालणाऱ्याला ठाऊक.

दोन्ही लाईनी दोन वेगळ्या कंपन्यांच्या. मधला बोगदा निळ्या कंपनीचा. तो जिथे संपतो तिथे जमिनीत एक पितळी पट्टी बसवलेली आहे. पट्टीच्या पलीकडे तपकिरी कंपनीचं राज्य. निळ्या कंपनीचा फडका पट्टीपर्यंत येऊन थांबतो आणि तपकिरी कंपनीचा पलीकडून येऊन थांबतो. त्यामुळे खुद्द पट्टी कधीच कुणी पुसत नाही.

या बोगद्यातून निळ्या कंपनीचा मदतनीस मोरिवाकी योशिहारू रोज एका माणसाला कोपराला धरून नेत असे. नेत असे म्हणण्यापेक्षा, तो माणूस मोरिवाकीचं कोपर धरून येत असे. उकाईमास्तर. वय सहासष्ट, जन्मापासून आंधळे, धंदा अंग रगडण्याचा आणि सुया टोचण्याचा. सकाळी दहा एक्केचाळीसच्या गाडीनं निळ्या लाईनवर उतरायचं आणि तपकिरी लाईन धरून आपल्या दवाखान्यात जायचं, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम.

"मोरिवाकीसान, कोपर आज मऊ लागतंय," मास्तर म्हणायचे. "बायको चांगलं खायला घालतेय की तुम्ही बाहेर कुठे खाताय?"

"मास्तर, हळू बोला. लोक ऐकतात."

"ऐकू देत. मला काय, मी कुठे त्यांची तोंडं बघणार आहे?"

आंधळ्या माणसाला न्यायचे नियम आहेत. मदतनिसानं अर्धं पाऊल पुढे चालायचं. वळून वळून मागे बघायचं नाही, त्यानं धरणाऱ्याचा तोल जातो. निघण्याआधी पलीकडच्या कंपनीला फोन करायचा, "पांढरी काठी, एक, सहा मिनिटांत." पट्टीपाशी तपकिरी कंपनीची नेझूबाई उभी असे. तिथे मोरिवाकी पांढरा हातमोजा घातलेलं बोट लांब करून खणखणीत म्हणे, "पांढरी काठी, एक. सोपवली. ठीक." नेझूबाई बोट दाखवून म्हणे, "एक. घेतली. ठीक." झालं. मग त्या माणसाची जबाबदारी पट्टीच्या अलीकडे उरत नसे.

बोट दाखवून मोठ्यानं बोलायची ही शिस्त तिथल्या रेल्वेत सगळीकडेच आहे. सिग्नल हिरवा, ठीक. दरवाजा बंद, ठीक. बोटामागे डोळा जावा आणि डोळ्यामागे डोकं, म्हणून कुणा शहाण्यानं ती काढली. पण त्या शहाण्यानं एकोणचाळीस वर्षं नोकरी केली नसावी. मोरिवाकीनं केली होती. एकोणचाळीस वर्षांत बोट एकटंच जायला शिकतं. डोळे दुसरीकडे असतात, डोकं तर जेवणाच्या डब्यात.

२

मे महिन्यातल्या एका सोमवारी पट्टीपाशी पोचल्यावर मास्तर म्हणाले, "चारशे चौदा."

"काय चारशे चौदा?"

"पावलं. अकरा वर्षं चारशे अकरा आहेत. आज तीन जास्त झाली."

"वय झालं, मास्तर. पाऊल आखूड पडतंय."

"परवा शनिवारी चारशे अकरा होती. एका रविवारात वय झालं?"

नेझूबाईला हसू आलं. मोरिवाकीलाही आलं. बोट लांब झालं, ठीक म्हटलं गेलं, आणि दिवस पुढे गेला.

मंगळवारी चारशे एकोणीस. बुधवारी चारशे तीस.

बुधवारी मास्तर हसले नाहीत. आंधळ्याची पावलं म्हणजे काय ते डोळसाला कळत नाही. आपण घरातलं कपाट डोळ्यांनी शोधतो, ते आकड्यानं शोधतात. आकडा हलला की कपाट हललं, आणि कपाट हललं की घर.

मोरिवाकी माणूस तसा हिशोबी डोक्याचा. जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच बोगद्यात गेला आणि स्वतः चालून बघितलं. त्याची तीनशे ब्याऐंशी पावलं झाली. परत येताना तीनशे त्र्याऐंशी, पण मधे एका बाईची पिशवी चुकवावी लागली होती. घड्याळात जाताना सहा मिनिटं आणि येताना सहा मिनिटं. बोगदा होता तसाच होता. खुजं छत, पिवळट नळीदिवे, ओळीनं लावलेल्या जाहिराती आणि मधोमध आंधळ्यांसाठी बसवलेल्या पिवळ्या फरश्यांची सरळ रांग.

त्याचं समाधान झालं. फक्त एक गोष्ट त्याच्या मनात कुसळासारखी रुतून बसली. मास्तरांसोबत चालतानाही घड्याळ सहाच मिनिटं दाखवत होतं. माणसाची पावलं आखूड झाली तर वेळ वाढायला हवा. वेळ तेवढाच आणि चाल तीच, मग एकोणीस पावलं आली कुठून?

त्यानं ते कुसळ डब्यातल्या भाताबरोबर गिळून टाकलं.

३

गुरुवारी मास्तर मधेच थांबले. कोपराला हिसका बसला.

"इथे ठिपके आहेत," ते म्हणाले.

पिवळ्या फरश्यांची भाषा सोपी आहे. लांब उठावाच्या रेघा असल्या की चालत राहायचं. गोल ठिपके आले की थांबायचं, पुढे वळण किंवा जिना आहे. या बोगद्यात सुरुवातीला ठिपके होते आणि शेवटी पट्टीपाशी. मधे फक्त रेघा.

मोरिवाकीनं खाली पाहिलं. रेघाच होत्या.

"ठिपके नाहीत, मास्तर."

"माझ्या बुटाखाली आहेत ते काय मसूर आहेत?" मास्तरांनी काठी उजवीकडे फिरवली. "आणि हे बघा. इथून रांग उजवीकडे वळते."

"उजवीकडे भिंत आहे. केसांच्या तेलाची जाहिरात लावलीय. बाई केस विंचरतेय."

"बाईला विंचरू दे. रांग वळते."

आणि त्यांनी काठी त्या बाजूला पुढे सरकवली. मोरिवाकीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. काठीचं टोक गुळगुळीत करड्या फरशीवरून घसरत होतं. आवाज मात्र येत होता टर्र, टर्र, टर्र असा. उठावाच्या रेघांवरून काठी ओढली की येतो तसा.

"ऐकलंत?" मास्तर म्हणाले. "आणि वारा आहे तिकडून. ओल्या सिमेंटचा वास येतोय."

मोरिवाकीला ना वारा लागला, ना वास आला. आवाज त्यानं ऐकला होता. पण बोगद्यात आवाज कुठून कुठे जातात याला काही नेम नसतो. पलीकडे कुणी चाकांची पेटी ओढत नेत असेल.

"चला मास्तर, उशीर होतोय. पट्टीवर वेळ लिहितात."

"चला. पण सोमवारी मी लेखी तक्रार देणार. फरश्या चुकीच्या बसवल्यात, एखादा आंधळा भलतीकडे जाईल. आणि मदतनिसाला सांगितलं तर म्हणतो भिंत आहे. तुमचं नाव घालावं लागेल. राग मानू नका."

राग कसा न मानणार? मोरिवाकी एकोणसाठचा. ऑगस्टमधे साठ पूर्ण. साठीनंतर कंपनी तिला हवे असतील त्यांनाच वर्षावर्षाच्या करारानं परत घेत असे, म्हणजे सगळ्यांना नाही. या महिन्याच्या अखेरीस नावं ठरायची होती. स्टेशनमास्तर फुकात्सु त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, पण खुर्ची मोठी. त्यानं आठवड्यापूर्वीच चहा देऊन सांगितलं होतं, "मोरिवाकीसान, तुमची फाईल कोरी आहे. कोरीच राहू द्या. यंदा जागा एक आणि माणसं तीन. एखादं तक्रारीचं पान लागलं तर मला हात वर करावे लागतील."

घरी बायको तोकुए. तिनं तर आधीच बजावलं होतं, "साठीनंतर दिवसभर घरात बसणार असाल तर मी बहिणीकडे जाते राहायला. तुमचं तोंड मला सकाळ-संध्याकाळ पुरे आहे." ती चेष्टा करत नव्हती. बहिणीकडे तिनं आपल्या चपला आधीच नेऊन ठेवल्या होत्या.

गणवेश उतरला तर मोरिवाकी म्हणजे कोण, हा प्रश्न त्याला स्वतःलाच पडत असे. आणि तो गणवेश एका आंधळ्याच्या पावलांवर लोंबकळत होता.

४

शुक्रवारी दहा एक्केचाळीसची गाडी वेळेवर आली. मास्तर उतरले, कोपर धरलं. डाव्या हाताची पकड नेहमीसारखी. चार बोटं आतून, अंगठा बाहेरून. त्या अंगठ्यानं चाळीस वर्षं लोकांच्या पाठी मोडल्या होत्या, तो जिथे टेकेल तिथे खळगा पडायचा.

"पत्र तयार आहे," मास्तर म्हणाले. "बायकोनं आमच्या ठिपक्यांच्या लिपीत लिहिलंय. तुमच्या हपिसात वाचता येत नसेल तर वाचणारा शोधा म्हणावं."

मोरिवाकी चालू लागला. मास्तर आज मोठ्यानं पावलं मोजत होते. ते चिडले की मोठ्यानं मोजायचे. अकराची वेळ व्हायला आली की बोगदा रिकामा होतो. पुढे लांबवर एक पाठ दिसत होती, मागे कुणी नाही.

दोनशे सत्त्याऐंशीला ते थांबले. "हे आलं. ठिपके. उजवीकडे वळण."

"भिंत आहे, मास्तर."

"भिंत नाही. तुम्ही आंधळे आहात."

ते चेष्टेत म्हणाले असतील. मास्तरांची जीभ तशीच होती. पण त्या दिवशी ते वाक्य मोरिवाकीच्या नेमक्या दुखऱ्या जागी टोचलं. मास्तरांच्या सुईसारखं, पण बरं करणारं नव्हे. आणि त्याच्या डोक्यात एक चित्र उभं राहिलं. म्हातारा काठी टेकत ऐटीत निघालाय, आणि धप्. नाक केसांच्या तेलावर. चष्मा वाकडा. मग पत्रात काय लिहील? 'मदतनीस म्हणाला भिंत आहे आणि भिंत निघाली'?

"असं म्हणता?" मोरिवाकी म्हणाला. "मग जाऊन बघा ना. मी इथेच उभा आहे."

त्यानं कोपर सोडवून घेतलं.

मास्तर जरा घुटमळले. अकरा वर्षांत ते कोपर मधेच कधी सुटलं नव्हतं. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि वळले. "आठ पावलं जातो आणि येतो," ते म्हणाले. "घाबरू नका."

भिंत दोन पावलांवर होती.

मोरिवाकीनं तोंड फिरवलं. हसू दिसू नये म्हणून नव्हे, मास्तरांना कुठे दिसणार होतं? ऐकू येऊ नये म्हणून. त्यानं हातमोजा तोंडावर दाबला आणि धप् आवाजाची वाट बघत राहिला.

टक, टर्र. टक, टर्र.

"एक," मास्तर मोजत होते. "दोन. तीन. चार."

टक, टर्र.

"पाच. सहा."

आवाज लांब जात होता. हसू मोरिवाकीच्या ओठांवर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव निघून गेला. त्यानं वळून पाहिलं. भिंत. बाई. केस. बोगदा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा.

"सात," जाहिरातीतून आवाज आला, विहिरीच्या तळाशी कुणी बोलावं तसा. "आठ. आहात ना, मोरिवाकीसान? काहीतरी बोला. तुमच्या आवाजावर परत येतो."

एक शब्द पुरला असता. 'इथे' एवढा. मोरिवाकीचं तोंड उघडलं होतं, हे तो आजही शपथेवर सांगेल. पण भिंतीशी बोलायचं म्हणजे भिंत नाही हे कबूल करायचं. एवढ्या एका विचारात दोन-तीन श्वास गेले असतील.

"मोरिवाकीसान?"

मग काहीच नाही.

पुढे किती वेळ गेला ते त्याला आठवत नाही. घड्याळात फारसा गेला नव्हता. तो सरळ पुढे तोंड करून उभा होता, नियमात सांगितलंय तसा, अर्धं पाऊल पुढे. आणि त्याच्या उजव्या कोपराला हात लागला.

५

सुटलो, असं त्याला वाटलं. "काय मास्तर, जीव घेता काय," तो म्हणाला आणि चालू लागला.

मास्तर बोलले नाहीत. राग आला असणार, साहजिकच आहे.

वीसेक पावलं गेल्यावर त्याला जाणवलं की अंगठा आतल्या बाजूला आहे. चार बोटं बाहेर, अंगठा आत. डाव्या हातानं तसं धरता येत नाही. म्हणजे उजव्या हातानं धरलं असेल. म्हणजे काठी डाव्या हातात असेल. म्हणजे त्यात काय मोठंसं? माणसानं कधी हात बदलू नये?

काठीचा आवाज येत नव्हता.

मागे बघायचं नाही, हा नियम आहे. त्या दिवशी मोरिवाकीला तो नियम देवाच्या प्रसादासारखा वाटला. तो चालत राहिला. हातात जोर नव्हता, पण वजन होतं. ओला कपडा वाळत घालावा तसा तो हात कोपरावर पडला होता.

पट्टीपाशी नेझूबाई उभी होती. घड्याळ सहा मिनिटं दाखवत होतं.

मोरिवाकीनं बोट लांब केलं. डोळे नेझूबाईच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर खिळवले. "पांढरी काठी, एक. सोपवली. ठीक."

नेझूबाईनं बोट दाखवलं. ती नोकरीत बावीस वर्षं होती. तिचे डोळे भिंतीवरच्या घड्याळावर होते. "एक. घेतली. ठीक."

कोपरावरचं वजन गेलं. मोरिवाकी वळला आणि परत निघाला. दहा पावलांवर त्याला राहवलं नाही. त्यानं मान फिरवली. नेझूबाई जिन्याकडे चालली होती. तिच्या मागे मास्तरांची टोपी, मास्तरांचा तपकिरी कोट आणि पिशवी दिसत होती. काठी होती. ती मेणबत्तीसारखी सरळ उभी धरलेली होती, जमिनीपासून चांगली वीतभर वर.

दुपारी नेझूबाईचा फोन आला, दुसऱ्याच एका कामासाठी. ठेवता ठेवता ती म्हणाली, "मास्तर आज गप्प होते हो. मी दोनदा हाक मारली. भांडलात का?"

"वय झालंय त्यांचं," मोरिवाकी म्हणाला.

६

सोमवारी तक्रार आली नाही. दहा एक्केचाळीसच्या गाडीतून जे उतरलं ते मुकाट्यानं कोपराला लागलं. मोरिवाकी समोर बघून चालला. मंगळवारीही. बुधवारीही. माणूस कशाचीही सवय करून घेतो. त्यानं गाडीच्या काचेकडे न बघण्याची सवय केली, पुसलेल्या फरशीकडे न बघण्याची केली. उतारूंपैकी कुणी किंचाळलं नाही. कोण कुणाकडे बघतं?

ती जाहिरात आली की तो घसा खाकरत चालायचा, म्हणजे दुसरं काही ऐकू येत नसे.

दुसऱ्या आठवड्यात एके दुपारी घसा कोरडा पडला. जेवणानंतर तो एकटाच परत येत होता. बाईच्या केसांपाशी त्याचे पाय आपोआप थांबले. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि कान भिंतीला लावला.

टक, टर्र. टक, टर्र.

"...एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार सातशे बारा. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार सातशे तेरा."

आवाज घोगरा झाला होता, पण हिशोब चोख होता. मोरिवाकीच्या तोंडून श्वास निसटला. काठी थांबली.

"मोरिवाकीसान?"

त्यानं तोंडावर हात दाबला.

"तुमचा वास ओळखतो मी. जेवणात लोणचं होतं आज. रांग संपत नाहीये हो. ठिपके नाहीत, वळण नाही. परत फिरलो तरी पुढेच जाते. हसायचं तेवढं हसून घ्या, मी काही म्हणत नाही. पत्र फाडून टाकतो. फक्त एक सांगा, भिंत आहे म्हणाला होतात ना? कुठे आहे? एकदा नाक आपटू दे माझं. एक भिंत लागू दे."

मोरिवाकी कान काढून उभा राहिला. बोगद्यातून एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी त्याच्याकडे बघत गेली. त्यानं गणवेश सारखा केला आणि जाहिरातीकडे बोट करून, कुणीही ऐकावं अशा आवाजात म्हणाला, "फलक सरळ आहे. ठीक."

आत काठी पुन्हा सुरू झाली.

महिनाअखेरीस फुकात्सुनं त्याला बोलावलं. करार मिळाला होता. "फाईल कोरी," फुकात्सु म्हणाला. "बाकी दोघांचं एकेक पान निघालं. आणि काम तेच ठेवतोय तुमचं, बोगद्याचं. मास्तरांना तुमचीच सवय झालीय."

तोकुएनं बहिणीकडून चपला परत आणल्या.

७

जूनच्या मध्यावर दहा एक्केचाळीसच्या गाडीतून एक बाई उतरली. साठीची, ठेंगणी, काळा चष्मा, हातात पांढरी काठी आणि कापडात बांधलेला खोका. मोरिवाकीनं तिला कधी पाहिलं नव्हतं. ती एकटी नव्हती. तिच्या मागे तो तपकिरी कोट होता. मोरिवाकीनं लगेच नजर खांबावर नेली.

"मोरिवाकीसान इथे आहेत का?" बाईनं विचारलं. "मी उकाईंच्या घरातून, सुमिए. तुम्ही आमच्यासाठी एवढं करता आणि मी कधी येऊन भेटले नाही."

"छे, छे. कामच आहे आमचं."

"मीही जन्माची आंधळी. अंधशाळेत एकत्रच शिकलो आम्ही." तिनं खोका दोन्ही हातांत धरला, पण पुढे केला नाही. "एक विचारायचं होतं. मागच्या महिन्यात, शुक्रवारी, इथे काही झालं का? पडले का ते?"

"नाही. सोपवले होते व्यवस्थित. तपकिरी लाईनच्या बाईंनी घेतले होते. नोंद आहे."

"तसंच असेल." तिची बोटं खोक्याच्या गाठीशी चाळा करत होती. "तेव्हापासून बोलत नाहीत. जेवत नाहीत. दवाखान्यात गिऱ्हाईक यायचं बंद झालंय. एक म्हातारे रुग्ण रडतच पळाले म्हणे, का ते सांगत नाहीत. घरी आले की जिथे उभे राहतात तिथे सकाळपर्यंत उभे. मी स्वयंपाकघरात निजते. आतून कडी लावते." ती ओशाळवाणं हसली. "चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला कडी लावायची. शोभतं का मला? मी हात लावून बघायला हवं, तोंडावरून फिरवून, एवढं तर मला येतं. पण हात पुढे होत नाही हो. कानापर्यंत जातो आणि परत येतो."

मोरिवाकीनं नजर खांबावरून हलवली नाही.

"शेजाऱ्यांना विचारावं तर लाज वाटते. आणि ते म्हणायचे, मोरिवाकीसानांनी बोट दाखवून ठीक म्हटलं की ते ठीक असतं. तेवढा एकच माणूस बघून बोलतो म्हणायचे." तिनं मान खाली घातली. "तुम्हाला डोळे आहेत. एकदा बघा आणि सांगा मला. हे तेच आहेत ना?"

ती बाजूला झाली.

आता खांब नव्हता, बिल्ला नव्हता, घड्याळ नव्हतं. मोरिवाकीनं बोट उचललं. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा, बहुतेक, त्याचे डोळे बोटामागून गेले.

टोपी मास्तरांची होती. चष्मा मास्तरांचा होता. त्यानं डावीकडून सुरुवात केली. कान होता, मोठ्या पाळीचा, मास्तरांचाच. मग नजर पलीकडे उडी मारून दुसऱ्या कानावर गेली. तोही डाव्या बाजूचा होता. तीच पाळी, तोच वळसा, त्याच दिशेला. कुणीतरी मास्तरांना अंधारात एकाच अंगानं चाचपून बघितलं होतं आणि बाकीचं अंदाजानं केलं होतं.

दोन कानांच्या मधे काय होतं ते आपण पाहिलंच नाही, असं तो स्वतःला सांगतो. ते खरं नाही. मधे जे होतं ते त्याच्याकडे वळलं होतं. त्याला मोरिवाकीची ओळख पटली होती.

खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न यायचा, मग ते कुठे आहेत. त्याचं उत्तर अडीचशे पावलांहून जरा लांब, भिंतीच्या आत मोजत होतं. आणि त्यापुढचा प्रश्न यायचा, मग तुम्ही तेव्हा काय करत होता, मोरिवाकीसान?

बोट हललं नाही. आवाज खणखणीत निघाला.

"उकाईमास्तर, एक. ठीक."

सुमिएबाईंच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. त्यांनी लांब श्वास सोडला, कमरेतून वाकल्या आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग खोका पुढे केला. त्यात गोड बीन भरलेल्या वड्या होत्या, दोघांच्या घरात पुरतील एवढ्या.

"माफ करा. नसत्या शंका घेऊन तुमचा वेळ घेतला. बाईमाणसाचं डोकं, अंधारात भलतंच काहीतरी रचत बसतं." त्यांनी मागे हात नेऊन चाचपला, तो कोटाच्या बाहीला लागला आणि या खेपेला परत आला नाही. "ऐकलंत ना हो? आज मी तुमच्याजवळ निजते. दाराला कडी नाही लावणार."

तपकिरी कोटातून एक हात वर आला आणि त्यांच्या कोपरावर पडला. अंगठा आतल्या बाजूला होता.

मोरिवाकीनं फोन उचलला आणि पलीकडच्या कंपनीला कळवलं, "पांढरी काठी, दोन. सहा मिनिटांत."